मंजुरीचा रकाना

"मग नेमकं कुठलं प्रशिक्षण घेऊ मी, बाई?"

बाईंनी मान वर केली नाही. पुढ्यात चिंचेची रास होती. एक चिंच उचलायची, टरफल काढायचं, शीर ओढायची, चिंचोके सुपात, गर परातीत.

"तिसऱ्यांदा विचारतेयस," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन्ही वेळा ऐकू आलं होतं मला."

ऋजुता गप्प बसली. गप्प बसणं तिला फारसं जमायचं नाही. मिनिटभरात तिने दोनदा फोन उलटा-सुलटा केला.

शरयूबाई हुद्दारांनी चाळीस वर्षं गावोगाव पूल बांधले होते. निवृत्तीनंतर भोरच्या अलीकडे, नदीकाठच्या एका मठाच्या मागे दोन खोल्या घेऊन राहिल्या. देवळात त्या क्वचितच जायच्या. मठवाल्यांनीही कधी विचारलं नाही, कारण सभामंडपाचं गळकं छप्पर दोन आठवड्यांत नीट करून देणारी बाई त्यांना देवाइतकीच उपयोगाची वाटली होती.

शनिवारी त्यांच्याकडे माणसं यायची. पुण्यातले, साताऱ्याचे प्रोजेक्ट मॅनेजर. कुणाचं काम रखडलेलं असायचं, कुणाची माणसं सोडून गेलेली. बाईंचा नियम एकच. लॅपटॉप गाडीत ठेवायचा आणि आराखडा कागदावर आणायचा, तोही पेन्सिलीनं लिहिलेला. शाईनं लिहिलेल्या आराखड्याला धरून राहायला माणूस पुढे खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

ऋजुता सहा वर्षांपूर्वी त्यांचं एक व्याख्यान ऐकून पहिल्यांदा आली आणि मग येतच राहिली. मध्ये वर्षभराचा खंड पडला होता. त्या खंडाचं नाव सानू, वय दहा महिने.

आज ती आली ती तीन पर्याय घेऊन. एक, परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र, सहा महिने दर रविवारी वर्ग. दोन, घरबसल्या ऑनलाइन अभ्यासक्रम, जो तिने याआधी दोनदा सुरू करून दोनदा तिसऱ्या धड्यावर सोडला होता. आणि तीन, कंपनीचं हैदराबादचं निवासी प्रशिक्षण, बारा दिवसांचं, येत्या सोमवारपासून. मोठी कामं पुढे त्यातूनच निवडलेल्यांना मिळतात. जागा एक होती आणि तिच्या नावाची होती. आज संध्याकाळी पाचपर्यंत होकार गेला नाही, तर ती तिच्या टीममधल्या परागला मिळणार होती.

हे सगळं तिने बाईंना नीट, मुद्देसूद सांगितलं. मुद्देसूद सांगताना तिचा आवाज जरा वरच्या पट्टीत जातो, हे तिलाही ठाऊक होतं.

"पाचपर्यंत," बाई म्हणाल्या. "आणि आता साडेतीन. म्हणजे तू ठरवून आलीयस. काय ठरवलंयस ते तुलाच माहीत नाही, एवढंच."

…

"कागद आणलायस?"

हा प्रश्न येईल म्हणून ऋजुता तयारच होती. तिने पिशवीतून चार मोठे कागद काढून बाईंपुढे पसरले. काढताना तिला जरा अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून लाजही वाटली.

हा आराखडा प्रशिक्षणाचा नव्हता. ती हैदराबादला असताना घरी सानूचे बारा दिवस कसे जातील, याचा होता.

एकूण चौसष्ट ओळी. सात वाजून दहा मिनिटांनी नाचणीचं सत्त्व. साडेआठला अंघोळ, पाणी कोपरानं तपासून. डावीकडे कामं, मग वेळ, मग जबाबदारी, मग संभाव्य धोके. धोक्यांत उचकीपासून शेजारच्या कुत्र्यापर्यंत सगळं होतं. 'हसता हसता एकदम रडते' हाही एक धोका होता, त्यावर उपाय लिहिलेला नव्हता. सगळ्यात उजवीकडे शेवटचा रकाना: मंजुरी.

बाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि चारही कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मध्ये मठाच्या बाजूनं कुणीतरी पाण्याची मोटर सुरू केली, बंद केली. त्या वाचत होत्या.

"काम चोख आहे," शेवटी म्हणाल्या.

ऋजुताचे खांदे जरा सैल झाले.

"जबाबदारीत जागोजागी 'सासूबाई' लिहिलंयस. त्यांना नाव नाही?"

"आहे ना… कुमुदिनी."

"माझ्या साइटवर 'एक गवंडी' असं लिहू द्यायची नाही मी कुणाला. मुलं किती वाढवलीत त्यांनी?"

"तीन."

"हा आराखडा दाखवलास त्यांना?"

"नाही." ऋजुतानं एक चिंच उचलली. "हसतील त्या."

"हसू दे की. मंजुरीच्या रकान्यात बघ. चौसष्टच्या चौसष्ट ओळींत तूच आहेस. त्यांनी नाचणी शिजवायची आणि तू हैदराबादहून हो म्हणायचं?"

"फोनवर, बाई. दोन सत्रांच्या मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी असते, मी वेळापत्रक बघितलंय…"

बोलता बोलता तिला स्वतःचं ऐकू आलं आणि ती थांबली.

बाई उठल्या. आतून खोडरबर घेऊन आल्या आणि कागदावर ठेवला.

"पूस."

…

पुसायला वेळ लागतो. पेन्सिल तिने दाबून लिहिली होती, शाळेपासूनची सवय. एक 'ऋजुता' पुसायची, फुंकर मारायची, त्या जागी 'कुमुदिनी' लिहायचं. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि सासूबाईंचं नाव स्वतःच्या हातानं ती पहिल्यांदाच लिहीत होती. काही ओळींत तिने नवऱ्याचं, मंदारचं नाव घातलं. तिथे हात जास्त अडखळला.

बाई पुन्हा चिंचेकडे वळल्या होत्या. त्या काही विचारत नव्हत्या आणि बहुधा म्हणूनच ऋजुता बोलायला लागली.

तिने सांगितलं की रजेवर जाताना तिचं मोठं काम अर्ध्यावर होतं. एका दवाखान्याची सगळी नोंदणी संगणकावर आणायची होती, दोन वर्षं तिने ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. मग खरंच पोर झालं. सहा महिने ती घरी होती. दुपारी सानूला मांडीवर घेऊन पाजताना तिला मीटिंगची खोली आठवायची, तिथला मार्करचा वास आठवायचा, आपण बोलायला लागलो की माणसं वही उघडतात ते आठवायचं. आता चार महिने ती परत कामावर होती आणि त्याच खोलीत बसून तिला सानूच्या टाळूचा वास आठवायचा. जिथे असायची तिथे ती धड नसायचीच.

"आणि ते काम?" बाईंनी विचारलं.

"झालं. मी रजेवर असताना." ऋजुता कागदाकडे बघत म्हणाली. "ठरल्या तारखेच्या चार दिवस आधी."

कुणी गेल्याची बातमी सांगावी तसं तिने ते सांगितलं.

"पेढे वाटलेस?"

"नाही."

"मग काय केलंस?"

"त्यांनी केक कापतानाचा फोटो पाठवला होता… मी न्हाणीघराचा नळ सोडून रडले. सानू झोपली होती, ती उठू नये म्हणून."

बाईंनी एक चिंचोका बोटांत धरून उन्हात पाहिला आणि सुपात टाकला.

"पुढच्या ओळीवर आहेस," त्या म्हणाल्या. "पूस."

…

सव्वाचारला त्रेसष्ट ओळी झाल्या होत्या. रबराचा चुरा तिच्या ओढणीवर पडला होता.

चौसष्टावी ओळ अशी होती: सानू रडायची थांबली नाही तर. जबाबदारी, ऋजुता. मंजुरी, ऋजुता.

तिने रबर टेकवला आणि उचलला. पुन्हा टेकवला.

"घरी एक फोन करून येते," ती म्हणाली.

मठाजवळ फोनला रेंज फक्त कण्हेरीपाशी यायची. ती तिथे जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी लगेच उचलला. सानूनं वरणभात खाल्ला होता. नाचणी आज दिलीच नाही, त्या म्हणाल्या, भूक दिसली नाही तिला. मग शेजारच्या मुलींबरोबर खेळली, आता झोपलीय, पंखा दोनवर आहे, तू सावकाश ये.

"माझ्यासाठी रडली का हो?"

"छे गं. मजेत आहे अगदी. तू काळजी करू नकोस."

ऋजुतानं बरं म्हटलं, फोन ठेवला आणि कण्हेरीपाशी उगाच थोडा वेळ थांबली. हेच ऐकायचं होतं ना आपल्याला? मग हायसं का वाटत नाहीये? थोडंसं रडली असती तर. फार नाही, दोन मिनिटं.

परत येऊन बसली तेव्हा बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परात तिच्याकडे सरकवली. दोघी काही वेळ नुसत्या चिंचा फोडत राहिल्या.

…

"बाई, तुम्ही गेला होतात ना परदेशी? शिकायला?"

"गेले होते की."

"मुलगा केवढा होता?"

"दोन वर्षांचा. माझं शिक्षण होतं वर्षभराचं."

आणि मग बाईंनी सांगितलं, चिंचा सोलता सोलता, कुणा दुसऱ्याच्या साइटची हकीकत सांगावी तसं. मोठ्या पुलांचं काम शिकायला निवडलेली त्यांच्या खात्यातली ती पहिलीच बाई. तेव्हा फोन परवडायचा नाही, पत्राला अठरा दिवस लागायचे. जाण्याआधी त्यांनी वहीभर लिहून ठेवलं होतं: काय द्यायचं, कधी द्यायचं, काय चालत नाही, आणि प्रत्येक पानाखाली स्वतःचं नाव. धाकट्या बहिणीनं, सुशीलेनं ती वही कपाटात ठेवली आणि पोराला आपल्या पद्धतीनं वाढवलं. उत्तम वाढवलं. बाई परत आल्या तेव्हा तो सुशीलेच्या पदराआड उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. त्यांच्या मागे घरात सगळे त्यांना बाई म्हणायचे, म्हणून तोही बाई म्हणायला लागला. पुढे वळण बदललं नाही.

"अजून?"

"पन्नाशीला आलाय. रविवारी फोन करतो, न चुकता. बाई, औषधं घेतलीत का, विचारतो."

"आणि मावशीला…"

"आई म्हणतो." बाईंनी शीर ओढली, ती मध्येच तुटली. उरलेली त्यांनी नखानं काढली. "आणखी काय म्हणणार? होतीच ती."

…

ऋजुताला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं गेलं.

"मग गेलात ते चुकलं का?"

बाईंनी परातीतला गर एका बाजूला सारला.

"तिथे शिकवायचे फार छान," त्या म्हणाल्या. "तिथून आल्यावर बांधलेला पहिला पूल अजून उभा आहे. परवा त्यावरून एस.टी.नं गेले. शेजारच्या सीटवरची बाई झोपली होती, तिला उठवून सांगावंसं वाटलं."

"म्हणजे मी जाऊ?"

"मी असं म्हटलं?"

"मग नको जाऊ?"

"असंही म्हटलं नाही मी."

ऋजुताला राग आला. इतक्या लांब गाडी चालवत आल्यावर माणसाला निदान हो किंवा नाही मिळावं, असं तिला वाटलं. इथे कुणीतरी सांगितलं असतं, तर पुढे चुकल्यावर त्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं. हेही तिला कळलं आणि मग राग कुणावर काढावा तेच कळेना.

पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"काय शिकवतात तिथे?" बाईंनी विचारलं. "बारा दिवस?"

तिला पाठ होतं. तरी फोन उघडून तिने त्यात उतरवून ठेवलेलं ते पान काढलं आणि वाचून दाखवलं. पहिले चार दिवस एकच विषय होता: काम दुसऱ्याच्या हाती सोपवणं. सोपवल्यावर मागे वळून न बघणं. आपल्यावाचून काम पुरं झालं तर ते आपलंच यश मानणं.

वाचताना तिचा आवाज दुसऱ्या वाक्याला बारीक झाला आणि तिसऱ्या वाक्याला बसला.

बाईंचं सोलणं थांबलं होतं. चिंच तशीच हातात राहिली होती.

ऋजुतानं रबर उचलला. चौसष्टाव्या ओळीतलं नाव पुसायला लागली. दाबून लिहिलेलं, लवकर जाईना. कागद थोडा चुरगळला. गेलं तेव्हा तिने त्या जागी नाव लिहिलं, कुमुदिनी, आणि मंजुरीच्या रकान्यातही तेच. मग उठून कण्हेरीपाशी गेली. होकाराचं बटण शोधलं. दाबलं. पडद्यावर आभाराची एक ओळ आली आणि गेली.

तिथून तिने लांबूनच बाईंकडे पाहिलं. त्या कागद मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि शेवटच्या ओळीवरून बोट फिरवत होत्या. पुसलं होतं त्या जागेवरून, पुन्हा पुन्हा.

ती परत येऊन त्यांच्यासमोर बसली.

"पाठवलं, बाई."

"हं."

"आत्ताच मागे घ्यावंसं वाटतंय."

"वाटणारच."

ऋजुतानं कागद गोळा केले. घडी घालता घालता तिचा हात थांबला.

"बाई… तुमच्या त्या वहीतलं तुमचं नाव… ते पुसता आलं का कधी तुम्हाला?"

बाईंनी हातातली चिंच परातीत ठेवली. नदीकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर कुणीतरी गुरं पाण्यावर आणली होती.

"तुझे बारा दिवस झाले, की ये," त्या म्हणाल्या. "जमलं असेल… तर मलाही शिकव."