परत देणारा कोळसा

कोकणातल्या एका प्रयोगशाळेत एकदा एक वृद्ध संशोधक आणि त्यांची शिष्या करवंट्यांचा कोळसा करून पाहत होते. मिठातल्या सोडियमवर चालणारी बॅटरी त्यांना बनवायची होती. बॅटरी चार्ज करताना सोडियमचे कण कोळशात शिरतात आणि वापरताना बाहेर येतात. कोळशाचे काम एवढेच.

शिष्या हुशार, पण उतावळी. जितकी छिद्रे तितकी जागा, असा तिचा हिशेब. तिने कोळसा पिठासारखा दळला, तापत्या वाफेवर धरला, त्याला असंख्य छिद्रे पाडली. आत जाणारे कण वाढले आणि ती हुरळून गेली. पण पहिल्याच फेरीत शंभर कण आत जात, परत येत जेमतेम पस्तीस. तिने आणखी बारीक दळले. आता तीसच आले. सोमवारी कामाला पैसा देणारी समिती बसणार होती, आणि हा आकडा दाखवला तर वर्षभराचे काम बंद पडणार होते. तिचे डोकेच चालेना.

रडवेली होऊन ती गुरूंकडे गेली. गुरूंनी तिच्या कोळशाची बरणी घेतली, बुडाला भोक असलेल्या मडक्यात कापूस घातला, त्यावर सगळा कोळसा ओतला आणि वरून शाईचे पाणी सोडले.

"अहो सर, काय करताय! वर्षाची मेहनत आहे ती!"

खालून नितळ पाणी ठिबकू लागले. "वा! उत्तम कोळसा केलायस," गुरू म्हणाले. शिष्येला ती थट्टा वाटली. तिला रागही आला.

"आता ती शाई परत माग बघू त्याच्याकडे."

"ती कशी देईल तो?"

"अगं, मग सोडियम तरी कसं देईल? घ्यायचं आणि सोडायचं नाही, हा गाळणीच्या कोळशाचा गुण. उघडी छिद्रं वाढवलीस, तसं सोडियम बाहेरच्या बाहेर चिकटून अडकलं. हवा लागू न देता प्रखर आचेवर ठेव. बाहेरची छिद्रं मिटतील, पोकळी आत राहील. बारीक फटींतून सोडियम तिथं जाईल आणि परतही येईल."

"दारं मिटली की देणं वाढतं? हे उलटंच झालं, सर."

"मलाही उलटंच वाटलं होतं. सात वर्षं मी गाळणीचा कोळसा करत होतो आणि त्याला बॅटरीचा म्हणत होतो."

"मग सोमवारी काय सांगू?"

"पस्तीस सांग. तीसही सांग."

सोमवारी तिने दोन्ही आकडे सांगितले, चूकही सांगितली. समितीने काम बंद केले नाही, सहा महिने दिले. बाहेर थांबलेल्या गुरूंकडे आल्यावरही तिचा गोंधळ पुरता मिटला नव्हता.

"सर, सात वर्षांनी तुम्हाला कसं कळलं?"

"शिकवायला लागलो तेव्हा," गुरू म्हणाले. "तोवर मीही नुसता घेतच होतो."