मुकी पट्टी

“...मग मला सांगा बाई, ही पट्टी मोडली तरी कधी?”

शलाकाने चपला दारातच भिरकावल्या होत्या. ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती आणि पुण्याहून आलेल्या एसटीची धूळ अजून केसांत होती. घरी न जाता ती थेट इथे आली होती.

उजगरेबाई खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठली?”

“कुठली काय बाई! मुकी.”

पाचगणीच्या उतारावर बाईंचं दोन खोल्यांचं घर. त्यातली निम्मी जागा बाईंची आणि निम्मी पियानोची. बंद पडलेल्या एका शाळेने तो जुना उभा पियानो जाता जाता बाईंच्या गळ्यात मारला होता. इथल्या दमट हवेत लाकूड फुगू नये म्हणून त्याच्या पोटात एक बल्ब कायम जळत असायचा, आणि पुढच्या फळीच्या फटीतून पिवळा उजेड दिसायचा. त्या फळीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आत करंट आहे, असं बाई म्हणायच्या. शलाकाने ते सात वर्षं निमूट मानलं होतं.

मुकी म्हणजे त्या पियानोची मधली एक पांढरी पट्टी, झाकणाच्या कुलपाच्या जरा उजवीकडची. दाबली की नुसतं ठक्. शलाका अकराव्या वर्षी पहिल्यांदा आली तेव्हा बाईंनी सांगितलं होतं, ही बोलत नाही, हिचा सूर तू द्यायचास. कुठला सूर, ते काही सांगितलं नव्हतं. शेजारपाजारच्या पट्ट्या वाजवत, चाचपडत, चुकत, चार महिन्यांनी तो शलाकाला सापडला. तेव्हापासून ती पट्टी आली की बोट ठक् करायचं आणि सूर शलाकाच्या गळ्यातून निघायचा. आपण काही वेगळं करतोय, हे तिच्या लक्षातही यायचं नाही.

तिचे वडील, रणपिसे आचारी, एका शाळेच्या मेसमध्ये होते. मेसच्या लांबलचक टेबलावर कणकेच्या परातीशेजारी ती बोटं चालवायची, आणि तिथेही मुकीच्या जागी गुणगुणायची. आई म्हणायची, या पोरीला झपाटलंय, कुणीतरी उतरवा रे. पोरीला उतरवून घ्यायचंच नव्हतं. पियानोला हात लागला नाही तो दिवस तिला उजाडल्यासारखाच वाटायचा नाही.

आणि काल ती पुण्याला गेली होती. एका संगीतशाळेत दोन वर्षं राहून, रोज सहा तास पियानो शिकायची जागा होती. जागा एक, आलेली मुलं बारा.

स्टेजवर काळा, लांबरुंद पियानो होता. त्यात स्वतःचा चेहरा दिसत होता. शलाकाने एक संथ तुकडा निवडला होता आणि तिला ठाऊक होतं की या बाराजणांत आपल्यासारखा हात कुणाचा नाही. ते खोटंही नव्हतं. पहिल्या चार ओळी अशा निघाल्या की पुढच्या रांगेतल्या मुलीने पाण्याची बाटली उघडता उघडता तशीच धरून ठेवली.

मग मुकीची जागा आली.

पट्टी वाजली. इथे ती मुकी नव्हतीच. आणि त्याच क्षणी शलाकाचा गळाही वाजला.

त्या तुकड्यात तो सूर अकरा वेळा येतो. अकराही वेळा ती गायली. तिसऱ्यांदा कुणीतरी खुदकन हसलं, पाचव्यांदा अख्खी मागची रांग. तिला ऐकू येत होतं, कळत होतं, पण गळा काही ऐकेना.

शेवटी परीक्षकांपैकी एका चष्मेवाल्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं होतं, हा सूर तर पियानोत होता, मग तुम्ही का दिलात? शरमेने तिचे कान तापले होते.

तरीही संध्याकाळी लागलेल्या यादीत दोन नावं होती आणि दुसरं तिचं होतं. परवा शेवटची फेरी. तिथल्या कारकुनाने मात्र तिला बाजूला घेऊन बजावलं, ताई, शेवटच्या फेरीत तोंड बंद ठेवून वाजवा, नाहीतर घरी बसा.

हे सगळं तिने बाईंना एका दमात सांगितलं. निवड झाल्याचा आनंद, हसल्याचा राग, परवाची भीती, सगळं एकात एक मिसळून बाहेर पडलं. मग ती थांबली आणि मनात खदखदत होतं तेही बोलून मोकळी झाली.

“सात वर्षं, बाई. एक पट्टी दुरुस्त करून घेतली असती तर माझं हसं झालं नसतं.”

बाईंनी एक शेंग उघडली. आतले दाणे वाटीत पाडले.

...

“मी पुण्याहून माणूस बोलावलाय. उद्या सकाळी येतोय तो. मला एक दिवस तरी नीट पियानोवर हात फिरवायला मिळेल.”

“काय करील तो?”

“दुरुस्त करील.”

“मोडलेली नाही ती.”

बाई उठल्या, पदराला हात पुसले आणि पियानोकडे बोट केलं.

“काढ फळी.”

“आत करंट आहे ना?”

“बल्बला आहे. तुला कोण सांगतंय बल्बला हात लाव म्हणून?”

शलाकाने वरचं झाकण उचललं, आतल्या दोन खिट्ट्या फिरवल्या आणि फळी उतरवली. सात वर्षं ज्याच्यासमोर रोज बसली, त्याचं पोट ती आज पहिल्यांदा बघत होती. बल्बच्या उजेडात हातोड्यांची रांगच्या रांग, मागे तारा, सगळं कसं जिथल्या तिथे. मधल्या भागात प्रत्येक हातोडीसमोर तीन तारा. आणि एकाच ठिकाणी त्या तीन तारांमधून आत-बाहेर विणल्यासारखा खोचलेला, लाल बनातीचा, जाड लोकरी कापडाचा, एक तुकडा.

तिने मुकी दाबली. हातोडी धडधाकट पुढे आली आणि बनातीवर आपटली. ठक्.

“हे कुणी...”

बाईंनी पदराला चिकटलेलं मटाराचं साल झटकलं.

“तुम्ही?”

“तू आलीस त्या दिवशी.”

शलाकाचा संताप झाला. बाई तिच्याकडे शांतपणे बघत होत्या. शेवटी तिने बनातीचं टोक धरलं, खसकन ओढून ती बाहेर काढली आणि पट्टी दाबली.

मुकी बोलली.

शलाकाचं तोंड वाकडं झालं. सूर घसरलेला होता, ओला, खाली लोंबणारा. बाकीच्या तारा बाई दर वर्षी, शलाका नसताना, स्वतः लावत, या तिघींना मात्र सात वर्षांत हात लागला नव्हता.

“बाई, ही उतरलीय!”

“किती?”

“एवढी,” म्हणत तिने विचार न करता खरा सूर गाऊन दाखवला.

बाईंनी कपाट उघडून तारा लावायचा पाना काढला आणि तिच्या हातात दिला. शलाकाने तो आजवर फक्त बाईंच्याच हातात पाहिला होता.

“मी? पण लावू कशावर? सूर धरायला काहीतरी लागेल ना, तुमचा तो सूर देणारा चिमटा...”

बाईंनी एक बोट पुढे केलं आणि शलाकाच्या गळ्यावर ठेवलं.

...

बाईंनी सांगितलं तसं शलाकाने बाजूच्या दोन तारांना बनात खोचून गप्प केलं, मधल्या तारेच्या खुंटीला पाना लावला आणि गायला सुरुवात केली. सूर धरायचा, पट्टी दाबायची, खुंटी केसभर पिळायची. तार करकरली. पुन्हा सूर. पुन्हा पट्टी. एकदा तार फार वर गेली तेव्हा तिला घाम फुटला, पण बाई मटाराकडे परतल्या होत्या आणि तिकडूनच म्हणाल्या, घाई नाही. मधली लागली. मग डावी. मग उजवी. चहा दोनदा निवला.

तासाभराने तिने बनात उपसली आणि तिन्ही तारा एकदम वाजवल्या. मग घाबरत घाबरत खालच्या सप्तकातली त्याच सुराची पट्टी सोबत दाबली. दोघींत फट नव्हती, तसूभरही.

“बाई! बाई, जुळली! माझ्या गळ्यावरून जुळली!”

आनंदाने तिला खुर्चीत बसवेना. तिने तीनतीनदा वाजवून पाहिलं, उगाचच हसली, डोळ्यांत पाणी आलं ते मनगटाने पुसलं, आणि मग श्वास घेऊन तोच पुण्याचा तुकडा सुरू केला.

जागा आली. पट्टी बोलली. शलाकाचं तोंड मिटलेलं होतं.

दुसऱ्यांदा. चौथ्यांदा. गळा गप्प होता. पण तो सूर तिला बोट टेकण्याआधीच ऐकू येत होता, स्वच्छ, कुठे आहे आणि किती आहे त्यासकट, आणि बोट नुसतं त्याच्याकडे जात होतं. अकराव्यांदा तो आला तेव्हा तिच्या अंगावर काटा उभा राहिला.

आणि तेव्हाच दुसरंही काहीतरी तिच्या ध्यानात आलं. त्या सुराच्या आधीचा सूर, नंतरचा सूर... ते तिला वाजल्यावरच ऐकू येत होते.

तिने ताबडतोब पुन्हा पहिल्या ओळीपासून वाजवलं. तसंच. मुकी आधी, बाकीच्या नंतर.

हात पट्ट्यांवरच राहिले. ती हळूच वळली.

“बाई... एकूण पट्ट्या किती हो?”

“अठ्ठ्याऐंशी.”

“आणि मला सात वर्षांत आधी ऐकू यायला लागली ती एकच...”

बाईंनी मान हलवली. मटाराची वाटी बाजूला ठेवली, उठून आल्या आणि पियानोवर पडलेला बनातीचा लाल तुकडा उचलला. त्यावर सात वर्षांच्या ठक् ठक्ने एक खळगा पडला होता. तो त्यांनी अंगठ्याने सारखा केला.

“परवा मला जायचंय, बाई.”

“जा की.” बाई उघड्या पियानोत वाकल्या आणि बल्बच्या उजेडात तारांवरून डोळे फिरवू लागल्या. “परत आलीस की सांग, आता कुठली मुकी करू?”