ओठ हलतात, आवाज नाही

सासूबाईंना जाऊन महिना झाला होता. बाळाच्या बारशाला दिराने कॅमेऱ्यात घेतलेला व्हिडिओ सुगंधाने मोबाइलवर लावला. सासूबाई पाळण्यावर वाकून काहीतरी सांगत होत्या. ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. तिच्या अंगावर काटा आला.

नवऱ्याने कोंडीबुवा भगताला बोलावलं. बुवांनी डोळे बारीक करून ते ओठ वाचले.

"म्हातारी म्हणतीय, पोराला माझ्याकडं पाठव. अवसेपर्यंत पोर माझ्या मठात ठेवा, आईविना."

नवऱ्याने मान डोलावली.  सुगंधाने आत जाऊन दिराला फोन लावून सगळं सांगितलं.

दीर हसला. "वहिनी, माझ्या कॅमेऱ्यातला आवाज वाजवायचा तर अ‍ॅप बनवणाऱ्याला परवाना विकत घ्यावा लागतो. तुमच्या मोबाइलमधल्या फुकटच्या प्लेअर अ‍ॅपनं तो घेतलेला नाही. दुसरा प्लेअर टाका. कॅमेरा तिथंच फडताळात आहे, हवं तर बघा."

सुगंधाने कॅमेराच बाहेर आणला. "बुवा, सासूबाई शांत होतील असा मंत्र यात म्हणा."

बुवांनी खड्या आवाजात मंत्र म्हटला. तिने तो व्हिडिओ मोबाइलवर घेऊन त्याच प्लेअरवर लावला. बुवांचे ओठ हलले, आवाज नाही. बुवा पांढरेफटक पडले.

"तुम्ही तर जिवंत आहात, बुवा. आता तुमचे ओठ मी वाचते. तुम्ही म्हणताय, 'पोराला सोडा, म्हातारीकडं मीच जातो.'"

बुवा वहाणा विसरून पळाले.

मग तिने दुसरा प्लेअर टाकला. सासूबाईंचा आवाज घरभर घुमला, "सुगंधा, माझ्यामागं पोराला कुणाच्या हाती देऊ नकोस गं."

पाळण्यातलं पोर झोपेतच हसलं.