आपल्यापुरतं बोल

फार फार वर्षांपूर्वी, कुठल्याशा डोंगराळ मुलखात एक जहागीरदार होता. पायी चालणं त्याला कमीपणाचं वाटे. चार भोई त्याची पालखी रोज घाट चढून वर न्यायचे, संध्याकाळी खाली आणायचे. भोयांचेही खांदे दुखतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. असो. अशी माणसं काही संपत नाहीत.

मागच्या दांडीला एक म्हातारा भोई होता, बाकीचे त्याला आबा म्हणत. त्याच्या खांद्याला जखम झाली होती आणि ती भरून येईना. अर्ध्या घाटात घटकाभर पालखी टेकवू द्यावी, एवढंच भोयांचं मागणं.

जहागीरदाराने एकेकाला आत बोलावलं. प्रत्येकाला म्हणाला, "बाकीच्यांची काही तक्रार नाही. तुलाच बरा त्रास होतो?" बिचारे मान खाली घालून परतले. बाहेर आपसात बोलले तेव्हा कळलं, चौघांनाही एकच ऐकवलं होतं.

मग त्यांनी दांडीच्या सगळ्यात पुढच्या भोयाला सगळ्यांच्या वतीने पाठवलं.

"चौघांचं म्हणणं घेऊन आलोय, सरकार."

"चौघंबिवघं मी ओळखत नाही. तू आपल्यापुरतं बोल. दुसऱ्यांसाठी बोलणारा तू कोण टिकोजीराव लागून गेलास?"

दुसऱ्या दिवशी घाट लागला. आता पालखीची रीत अशी, की मागच्यांना समोरचं काही दिसत नाही. पुढचा भोई दगड, खड्डा, वळण ओरडून सांगतो आणि त्याच्या शब्दावर मागचे पाऊल टाकतात. त्या दिवशी पुढचा गप्प राहिला. दरीकडच्या वळणावर मागचे थबकले. पालखी हलेना.

"अरे, त्यांना वाट सांग की," जहागीरदार आतून ओरडला.

"मला माझ्यापुरती दिसतेय, सरकार," तो थकल्या आवाजात म्हणाला. "दुसऱ्यांसाठी बघणारा मी कोण?"

जहागीरदाराने खाली दरी पाहिली आणि मुकाट्याने उतरला. उरलेला घाट चढताना त्याला धाप लागली, पायांना फोड आले. वर पोचल्यावर दगडावर बसत तो म्हणाला, "बोल. तुम्हा चौघांचं काय ते."

पुढच्या भोयाच्या अंगात आनंद मानायचंही त्राण नव्हतं. "आधी आबांना बसू द्या," तो म्हणाला. "मग बोलू."

त्या दिवसापासून अर्ध्या घाटात पालखी टेकू लागली. म्हाताऱ्याचा खांदा मात्र कामातून गेला तो गेलाच. त्याला पुन्हा दांडी उचलता आली नाही.

तात्पर्य: ज्यांच्या एकजुटीवर आपला डोलारा उभा, त्यांची एकजूट नाकारली की आपल्यालाच खाली उतरावं लागतं.