राष्ट्रपक्ष्याची ढोली

“पिल्लं उपाशी आहेत म्हणून घसा फोडून ओरडले, पण कुणाला खरंच वाटेना,” असं सारजा धनेशीण पुढं कितीतरी वर्षं सांगायची. रानानं आपलं स्वतःचं राष्ट्र केलं, त्या काळची ही गोष्ट.

धनेशाची मादी पिल्लांसाठी ढोलीत बसते, दार चिखलानं लिंपून घेते आणि आत तिची पिसं झडतात. चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. सारजेचा नवरा दौलत तसंच करत होता. ते पाहून रानाची सभा म्हणाली, “घरासाठी एवढा राबणारा बाप दुसरा नाही. हाच आपला राष्ट्रपक्षी!” आणि त्याला उंच खडकावर बसवलं. येणारा-जाणारा सलाम करी, त्यामुळं उठायची सोय नाही. राबणाऱ्यालाच बसवून ठेवायचं, ही सभेची अक्कल!

फटीतून सारजा ओरडली, “अहो, चार उंबरं तरी आणा!”

पहाऱ्यावरचा कोतवाल पक्षी हसला. “राष्ट्रपक्ष्याच्या घरी उपास? वहिनी, काहीतरीच बोलता!”

धाकटं पिल्लू मान टाकायला लागलं. तेव्हा सारजेनं चोचीनं दार फोडलं आणि पिसं झडलेल्या अंगानं, उडता येईना म्हणून चालतच भर सभेत गेली.

“उठा! सलाम पुरे झाले. पोरं मरतील.”

दौलत उठला. अंधार पडेपर्यंत त्यानं उंबरं वाहिली, पिल्लं वाचली.

खडक मात्र रिकामा राहिला. सभा ढोलीपाशी आली. “राष्ट्राचा अपमान कुणामुळं झाला?”

दौलतनं शेवटचं उंबर पिल्लाच्या चोचीत ठेवलं, खाली बघितलं आणि म्हणाला, “सारजेमुळं.”