कलमाचा जोड

झाडं अजून एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका बागेत तीन पावसाळे पाहिलेलं आंब्याचं एक कलम होतं. त्याचा खालचा खुंट रायवळचा, वरची फांदी हापूसची, आणि दोघांचं दिवसभर भांडण.

"तुझे हे आडदांड फुटवे आधी आवर," फांदी म्हणायची. "चारचौघांत लाज वाटते मला!"

"उन्हाळ्यात पाणी शोधायला खडकात मी शिरतो," खुंट गुरगुरायचा, "आणि नाव मात्र तुझं!"

ऐकून ऐकून कलम पार विटलं. एकदा त्याने फांदीची बाजू घेतली आणि खुंटाचं पाणी वर येऊच दिलं नाही. चौथ्या दिवशी फांदीच्याच पानांनी माना टाकल्या. मग त्याने खुंटाला रान मोकळं करून दिलं. खाली फुटव्यांचं जंगल माजलं आणि वर फांदी वाळायला आली.

शेवटी त्याने शेजारच्या म्हाताऱ्या कलमाला विचारलं, "आजोबा, या दोघांतला मी कोण? सांगा एकदाचं. जीव दमला माझा."

"दुखतं कुठे तुला?"

"जोडाशी. ही दोघं जिथे बांधलीत, तिथे."

"मग तिथेच आहेस तू."

कलमाने म्हाताऱ्याच्या बुंध्याकडे पाहिलं. मोहराने लवलेल्या त्या झाडाच्याही जोडाशी गुडघ्याएवढी गाठ होती.

"तुमची अजून दुखते?"

"हवा पालटली की दुखते," म्हातारं म्हणालं. "तेवढं चालायचंच."