लोखंडी नळीतला खाऊ

मुलांनो, जे जे झाकून ठेवलेले असते, ते सगळे खायचेच असते का? एका मोठ्या जंक्शनच्या फलाटाखाली एक उंदीर राहत असे. त्याला अगदी तसेच वाटे. स्टॉलवाले बिस्किटे बरणीत ठेवत, प्रवासी पोळीभाजी डब्यात ठेवत. झाकण दिसले की आत खाऊ, हे तो लहानपणापासून पाहत आला होता.

वर छपराला गाड्यांची माहिती देणारा दिव्यांचा मोठा फलक टांगलेला होता. शेजारच्या तुळईत एका साळुंकीचे घरटे होते. तिथून रूळ दिसत नसत, फलक तेवढा दिसे. गाडी फलाटात शिरायच्या आधी फलकावरची अक्षरे लुकलुकू लागत. ती लुकलुकली की साळुंकी ओरडे, "सरका रे, सरका!" आणि रुळांमध्ये सांडलेले शेंगदाणे खाणारी उंदराची चार पिल्ले धावत बिळात शिरत.

या फलकाची वायर खांबावरून खाली येऊन लोखंडी नळीतून जात असे. एका संध्याकाळी उंदराला नळीचा सांधा निखळलेला दिसला. शेजारची म्हातारी घूस म्हणाली, "अरे लेका, त्याला तोंड लावू नकोस. माणसांनी ते उगाच नाही लोखंडात घातलं."

"तेच म्हणतोय मी, मावशी!" उंदीर मिशा फेंदारून म्हणाला. "शेंगदाण्याला कागदाची पुडी आणि याला लोखंड. म्हणजे आत केवढा मेवा असेल! तुझे दात पडले, म्हणून तुला उपदेश सुचतोय."

त्याने वायर कुरतडली. चव कडू लागली, जिभेला झिणझिण्या आल्या, आणि वर फलक विझला.

फलाटावर एकच गोंधळ उडाला. "अहो, गाडी इथेच लागणार ना?" "कोण जाणे! पलीकडे चला, पलीकडे!" पिशव्या सावरत माणसे जिन्याकडे धावली.

घुशीने वर पाहिले. "लेका, आता साळुंकीला गाडी कळणार कशी? तुझी पिल्लं कुठं आहेत?"

धावत्या पायांमधून वाट काढत उंदराने खाली रुळांत उडी घेतली. रूळ थरथरत होते. पिल्ले मात्र मजेत दाणे फोडत होती.

"पळा!" तो ओरडला.

"थांबा ना बाबा," थोरले पिल्लू म्हणाले, "अजून साळुंकीमावशी कुठे ओरडलीय?"

"ती आज ओरडणार नाही! पळा म्हणतो ना!"

वळणावर इंजिनाचा दिवा दिसला. उंदराने दोघांना बिळाकडे ढकलले, तिसरे त्यांच्यामागे धावले. धाकटे तेवढे भेदरून खडीत दबून बसले. त्याच्यासाठी उंदीर मागे वळणार, इतक्यात मागोमाग बिळात आलेल्या घुशीने आपल्या उरलेल्या दोन दातांत त्याची शेपूट धरून त्याला आत ओढले. बाहेर डब्यामागून डबा धडधडत आला. गाडी थांबली. माणसे उतरली, चढली. गाडी सुटली.

मग खडीतून बारीक आवाज आला, "बाबा, गेली का?"

पिल्लाची निम्मी शेपूट गेली होती, पण पिल्लू जिवंत होते. उंदीर त्याला चाटत राहिला. घुशीकडे पाहायचे त्याला धाडस झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांनी तुटलेली वायर जोडली आणि नळीचा सांधा घट्ट आवळला. फलक लुकलुकला, साळुंकी ओरडली, आणि चारही पिल्ले बिळात शिरली. आखूड शेपटीचे सर्वांत आधी.

तात्पर्य : ज्याचा उपयोग आपल्याला कळत नाही, त्यावर दात चालवू नयेत, आपल्याच लेकरांची राखण कदाचित तेच करत असते.